संकेतस्थळाचा आद्यनमुना

संकेतस्थळाचा आद्यनमुना म्हणजे एखादे संकेतस्थळ प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी, ते वापरणाऱ्यांना कसे उमगेल हे पारखण्यासाठी तयार केलेले त्याचे तात्पुरते रूप होय. व्यवहारात त्याला प्रोटोटाइप असेच म्हणतात. संकेतस्थळाचा जो भाग माणसाच्या डोळ्यांसमोर येतो, ज्यातील शब्द तो वाचतो, बटणे दाबतो आणि रकाने भरतो, त्या भागास संगणकशास्त्रात वापरकर्ता-अंतरफलक अशी संज्ञा आहे. या लेखात त्यास नुसते अंतरफलक म्हटले आहे. आद्यनमुना बहुधा या अंतरफलकाचाच असतो. त्याच्या मागे माहितीचा साठा नसतो, पैशांचा खरा व्यवहार होत नाही, आणि बटण दाबल्यावर पुष्कळदा केवळ पुढचे चित्र समोर येते. तरीही हे संकेतस्थळ लोकांना वापरता येईल की नाही, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातून मिळते.

मराठी नाट्यव्यवहारातील तालमीशी याचे जवळचे साम्य आहे. पहिल्या वाचनाला नेपथ्य नसते, उभ्या तालमीत साधी खुर्ची सिंहासनाचे काम करते, आणि वेशभूषा व प्रकाशयोजनेसह होणारी रंगीत तालीम अगदी शेवटी येते. एखादा प्रवेश रेंगाळतो आहे हे वाचनातच ध्यानात आले, तर दोन पाने गाळून भागते. तेच रंगीत तालमीत ध्यानात आले, तर उभारलेले नेपथ्य मोडावे लागते. संकेतस्थळाचेही असेच आहे. आज्ञावली लिहून झाल्यावर सापडलेली चूक सुधारण्यास वेळ व पैसा लागतो. शिवाय केलेले काम मोडण्यास कोणाचेच मन धजत नाही, आणि ही अडचण पैशांच्या अडचणीपेक्षा मोठी ठरते.

संज्ञा

या क्षेत्रातील शब्द सैलपणे वापरले जातात. कच्चे रेखाटन हे विचार करण्यासाठी असते. ते एका बैठकीत दहा काढावेत आणि नऊ टाकून द्यावेत. वायरफ्रेम म्हणजे रेखाचौकट: पानावर शीर्षक कोठे, शोधपेटी कोठे, सूची कोठे हे केवळ रेषा व चौकोनांनी दाखवणारा आराखडा. यात रंग व चित्रे मुद्दाम टाळतात. घराच्या पायाआधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खोल्या आखतात, तसाच हा प्रकार. मॉकअप म्हणजे रंग, अक्षरवळण व चित्रांसह काढलेले पानाचे हुबेहूब परंतु निश्चल चित्र. यांपैकी कोणत्याही रूपाला ‘हे दाबल्यावर काय होते’ याचे उत्तर जोडले, की तो आद्यनमुना होतो. चित्र आणि नमुना यांतील भेद सुबकतेचा नाही; नमुना वापरून पाहता येतो, हा तो भेद आहे.

नमुना अंतिम रूपाशी किती मिळताजुळता आहे त्यानुसार त्याचे कच्चा व पक्का असे दोन प्रकार सांगण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. स्टेफनी हाउड व चार्ल्स हिल यांनी १९९७ मध्ये असे दाखवून दिले, की नमुना नेमका कशाचा, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ही वस्तू माणसाच्या आयुष्यात कोणते काम करील, ती कशी दिसेल व हाताळताना कशी वाटेल, आणि ती तांत्रिकदृष्ट्या कशी चालेल, हे तीन निराळे प्रश्न आहेत. एकच नमुना तिन्हींची उत्तरे सहसा देत नाही, आणि त्याने ती द्यावीत असा आग्रह धरला तर नमुना आणि खरे संकेतस्थळ यांत फरक उरत नाही.

इतिहास

नमुना करून पाहण्याची पद्धत संकेतस्थळांहून जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आयबीएमच्या संशोधकांना प्रश्न पडला होता, की बोललेले शब्द आपोआप टंकलिखित करणारे यंत्र लोकांना वापरता येईल काय. असे यंत्र त्या वेळी अस्तित्वात नव्हते. जॉन गूल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला एका खोलीत बसवून पत्र सांगावयास लावले, आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या टंकलेखिकेने ते ऐकून टंकित केले. शब्द पहिल्या खोलीतील पडद्यावर उमटत. या प्रयोगाचा वृत्तान्त १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राच्या जागी लपलेला माणूस बसवण्याच्या या तंत्राला लायमन फ्रँक बॉम यांच्या कादंबरीतील पडद्याआडच्या जादूगारावरून ‘विझर्ड ऑफ ऑझ’ पद्धत असे नाव पडले.

त्याच सुमारास, १९८१ ते १९८५ या काळात, स्कँडिनेव्हियात मुद्रण कामगारांच्या संघटनेच्या सहभागाने ‘युटोपिया’ हा प्रकल्प चालला. वृत्तपत्राची पाने संगणकावर जुळवण्याची यंत्रे येऊ घातली होती आणि आपले कसब व नोकरी यांचे काय होणार, ही भीती कामगारांत होती. पेले एन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुठ्ठा, लाकूड व कागद यांपासून संगणकाचे सोंग उभे केले. एका रिकाम्या खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ असे लिहिले होते. पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर संगणकतज्ज्ञाला विशेष अधिकार उरत नाही; खिळे जुळवण्यात आयुष्य घालवलेला कामगार ते खोके उचलून ‘हे येथे नको, तेथे हवे’ असे म्हणू शकतो. नमुन्याचे सामाजिक महत्त्व यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

संकेतस्थळ ही वस्तू टिम बर्नर्स-ली यांच्या सर्न येथील कामातून १९९१ मध्ये लोकांसमोर आली. आरंभीची पाने म्हणजे केवळ मजकूर व दुवे असल्याने त्यांच्या अंतरफलकाचा वेगळा विचार करावा असे कोणास वाटले नाही. १९९३ मधील मोझॅक या न्याहाळकाने मजकुरातच चित्रे दाखवण्यास सुरुवात केली आणि पुढे दुकाने, बँका व शासकीय कार्यालये महाजालावर आली, तेव्हा चित्र बदलले. मार्क रेटिग यांनी १९९४ मध्ये कागदी नमुन्यांचा पुरस्कार करणारा लेख लिहिला. त्यांचे निरीक्षण आजही खरे आहे: सुबक नमुना समोर ठेवला, की पाहणारे रंग व अक्षरवळणाबद्दल बोलू लागतात, मूळ रचनेबद्दल बोलत नाहीत, आणि तो करणारा त्यात इतका गुंततो, की बदल सुचवलेले त्याला रुचत नाही.

मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःची मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली. तोवर ठरावीक रुंदीचे एक चित्र म्हणजे संकेतस्थळाचा आराखडा, अशी समजूत होती. भ्रमणध्वनीपासून मोठ्या पडद्यापर्यंत एकच पान निरनिराळ्या रूपांत दिसू लागल्यावर ‘अंतिम चित्र’ ही कल्पनाच बाद झाली, आणि पुष्कळ आरेखनकार न्याहाळकात चालणारा नमुना लवकर करू लागले.

कागदी नमुना आणि त्याची चाचणी

ही पद्धत उदाहरणाने समजून घेणे सोयीचे. समजा, तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयाला संकेतस्थळ करावयाचे आहे. वाचकाने घरबसल्या पुस्तक शोधावे, राखून ठेवावे आणि नेलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून घ्यावी, इतकी अपेक्षा आहे.

प्रत्येक पडद्यासाठी एक कागद घेतात. बटणे, सूची व सूचना यांचे तुकडे वेगळे कापतात, म्हणजे ते हवे तेव्हा मांडता येतात व उचलता येतात. चाचणीला तीन माणसे लागतात. एक जण संगणकाचे काम करतो: वाचकाने बोटाने जेथे दाबले, त्यानुसार तो पुढचा कागद ठेवतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. दुसरा वाचकाशी बोलतो. तिसरा केवळ टिपणे घेतो. वाचक अर्थातच बाहेरचा हवा. ग्रंथालयाचे पदाधिकारी वाचक म्हणून चालत नाहीत.

वाचकाला काम सांगताना पडद्यावरील शब्द वापरायचे नाहीत, हा नियम लहान दिसतो, पण चाचणी त्यावर तरते किंवा बुडते. ‘नूतनीकरण करून दाखवा’ असे सांगितले, तर वाचक तो शब्द कागदावर शोधतो आणि त्यावर बोट ठेवतो; आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात नेलेली कादंबरी अर्धीच वाचून झाली आहे, आणखी काही दिवस ठेवायची आहे, काय कराल?’ असे विचारावे. मग दिसून येते, की ग्रंथपालाच्या नित्य वापरातील ‘नूतनीकरण’ हा शब्द वाचकाला सभासदत्वाचा वाटू शकतो, किंवा इमारतीच्या डागडुजीचाही. ‘मुदत वाढवा’ असे लिहिले, तर प्रश्न मिटतो. कागदावरचा शब्द खोडून नवा लिहिण्यास अर्धे मिनिट लागते आणि पुढच्या वाचकासमोर सुधारलेला कागद ठेवता येतो.

वाचकाने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहावे, असे त्याला सांगतात. मानसशास्त्रातील ही पद्धत क्लेटन लुईस यांनी १९८२ च्या सुमारास आयबीएममध्ये अंतरफलकांच्या पारखणीसाठी आणली. आपल्याकडे यात एक अडचण संभवते. घरी आलेला पाहुणा जसा आमटी खारट झाली असे यजमानास सांगत नाही, तसाच चाचणीस बसलेला माणूस, विशेषतः वयस्क माणूस, ‘छान आहे हो’ असे म्हणून मोकळा होतो. त्या ‘छान’ला महत्त्व देऊ नये. बोट कोठे थबकले, कोणता कागद उलटून पुन्हा पाहिला, कोणत्या शब्दापाशी ओठ पुटपुटले, हे टिपावे. वाचक अडला असता त्याला मदत करण्याचा मोह आवरणे सर्वांत कठीण असते. ज्यांचे आयुष्य शिकवण्यात गेले आहे त्यांना तर फारच. परंतु खऱ्या संकेतस्थळासमोर तो एकटाच असणार आहे, हे विसरता कामा नये. तो चुकला तर परीक्षा त्याची नसून कागदाची आहे, हेही त्याला आरंभीच सांगावे लागते. संगणकासमोर चुकले की दोष आपलाच, अशी पुष्कळांची समजूत असते.

कागदाला मर्यादा आहेत. पान उघडण्यास लागणारा वेळ, लहान पडद्यावर अंगठ्याने सरकवण्याची सवय, टंकलेखनातील चुका यांची पारख त्यावर होत नाही. शोधपेटीचेही तसेच: वाचक काय लिहील याचा अंदाज आधी बांधता येत नाही. तेथे न्याहाळकात चालणारा नमुना, अथवा पडद्याआड बसून उत्तरे पुरवणारा माणूस, अधिक उपयोगी पडतो.

किती माणसांवर पारख करावी, याविषयी मतभेद आहेत. याकोब नील्सन व थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानाच्या आधारे नील्सन यांनी २००० मध्ये असे प्रतिपादन केले, की एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष उघडे पाडतो, आणि म्हणून पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. पुढच्याच वर्षी जेरेड स्पूल व विल श्रोडर यांनी मोठ्या विक्रीस्थळांच्या चाचण्यांवरून दाखवले, की त्यांच्या पहिल्या पाच जणांकडून केवळ ३५ टक्के दोष सापडले होते. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. लहान संकेतस्थळ, ठरावीक काम आणि एकसारखे वापरकर्ते असतील, तर पाच माणसे बरेच काही सांगतात. ज्यात प्रत्येक जण निराळ्या वाटेने जातो अशा विस्तृत स्थळाला ती पुरत नाहीत. नील्सन यांच्या मूळ सल्ल्याचा उत्तरार्ध मात्र पुष्कळदा गाळला जातो: पंधरा माणसांची एक चाचणी करण्यापेक्षा, मध्ये सुधारणा करत पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या कराव्यात.

दोन शासकीय संकेतस्थळे

नमुना केल्याने किंवा न केल्याने काय घडते, हे दोन देशांच्या अनुभवावरून पाहता येते.

ब्रिटनमध्ये २०१० साली शासनाची माहिती शेकडो संकेतस्थळांवर विखुरलेली होती. मार्था लेन फॉक्स यांनी त्या वर्षी शासनाला सादर केलेल्या अहवालात या सर्वांच्या जागी एकच स्थळ असावे, असे सुचवले. त्यानंतर एका लहान गटाने काही आठवड्यांत ‘अल्फा’ नावाचा नमुना तयार केला आणि तो मे २०११ मध्ये सर्वांसाठी खुला केला. शासनाने अपुरे काम मुद्दाम लोकांसमोर मांडावे, ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. शासनाच्या खात्यांची रचना नागरिकाला ठाऊक असण्याची गरज नाही, या एका विचारावर तो नमुना उभा होता. पुढची सार्वजनिक सुटी कधी, असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला सुट्यांविषयीचे परिपत्रक नको असते, तारीख हवी असते. त्यामुळे त्या पानावर पुढच्या सुटीची तारीखच ठळक अक्षरांत दिली गेली, आणि आजही ती तशीच दिसते.

या नमुन्यावर टीकाही झाली. घाईच्या कामात अंध व अन्य अपंग वापरकर्त्यांच्या सोयींकडे पुरेसे लक्ष दिलेले नव्हते. ‘हा तर केवळ नमुना आहे’ हे उत्तर टीकाकारांना पटले नाही, आणि ते पटण्यासारखे नव्हतेच. कारण नमुन्यात ज्याचा विचार झाला नाही, त्याला पुढे केवळ ठिगळ म्हणून जागा मिळते. पुढील टप्प्यात या सोयींना स्थान देण्यात आले. २०१२ च्या आरंभी दुसरी, ‘बीटा’ आवृत्ती आली आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी जुनी दोन प्रमुख संकेतस्थळे बंद होऊन ‘गव्ह डॉट यूके’ अधिकृतपणे सुरू झाले. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट आरेखनाचा पुरस्कार दिला. ते पाहून अनेकांची निराशा झाली असावी, कारण त्यात नजरेत भरावे असे जवळजवळ काही नाही: पांढरे पान, काळी अक्षरे आणि सरळ वाक्ये. शोध, अल्फा, बीटा व प्रत्यक्ष सेवा हे टप्पे ब्रिटिश शासनाच्या कार्यपद्धतीचा भाग झाले आहेत आणि नमुने करण्याचा तयार साहित्यसंचही शासनाने सर्वांना खुला करून दिला आहे. या संचातील आज्ञावली प्रत्यक्ष सेवेसाठी वापरू नये, असे त्यात बजावलेले आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. आरोग्यविमा घेण्यासाठीचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे केंद्रीय संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. लाखो लोक तेथे आले आणि पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली, असे पुढे प्रतिनिधिगृहाच्या समितीने उघड केलेल्या कागदपत्रांतून दिसले. या अपयशाची मुख्य कारणे तांत्रिक व व्यवस्थापकीय होती: अनेक कंत्राटदारांचे सुटे भाग वेळेत एकत्र तपासले गेले नव्हते. परंतु अंतरफलकाचा एक निर्णयही त्यात सामील होता. खाते न उघडता विमा योजना नुसत्या चाळून पाहण्याची नियोजित सोय आयत्या वेळी काढून टाकण्यात आली. त्यामुळे केवळ किंमत विचारण्यास आलेल्यालाही आधी नाव, ओळख व पत्ता देऊन खाते उघडणे भाग पडले आणि सारी गर्दी त्या एकाच अरुंद दारात अडकली. दुकानात शिरण्यापूर्वीच ग्राहकाकडे ओळखपत्र मागावे, तसा हा प्रकार होता. पुढे खाते न उघडता योजना पाहण्याची सोय देण्यात आली. कागदी नमुन्याने यंत्रणेवरील भार मोजता आला नसता. पण चौकशीला आलेला माणूस दारातच अडतो आहे, हे कागदाच्या चार तुकड्यांवरही दिसण्यासारखे होते.

साधने

फोटोशॉपमध्ये पान रंगवून मग त्याचे तुकडे करून संकेतस्थळ जुळवण्याची १९९० च्या दशकातील पद्धत मागे पडली आहे. २००८ मधील बाल्समिक या साधनाने हाताने काढल्यासारख्या वाकड्या रेषा मुद्दाम ठेवल्या, म्हणजे पाहणाऱ्याला काम अपुरे आहे हे कळावे. २०१० मध्ये स्केच व २०१६ मध्ये फिग्मा ही साधने आली. फिग्मा न्याहाळकातच चालत असल्याने अनेकांना एकाच वेळी एका नमुन्यावर काम करता येते. ॲडोबीने २०२२ मध्ये ही कंपनी २० अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, परंतु युरोप व ब्रिटनमधील स्पर्धा-नियामकांच्या हरकतींनंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. पेनपॉट हे मुक्त स्रोत साधन विनामूल्य उपलब्ध आहे. अलीकडे शब्दांत वर्णन करताच पडदे काढून देणारी साधने निघाली आहेत. त्यांच्यामुळे सुबक नमुना मिनिटांत मिळतो आणि रेटिग यांनी १९९४ मध्ये दाखवलेला धोका अधिकच जवळ येतो. विद्यार्थ्याने आरंभ कागद, कात्री आणि पेन्सिल यांपासूनच करावा.

मराठी संकेतस्थळांचे नमुने

इंग्रजीत केलेल्या नमुन्यात शेवटी मराठी शब्द बसवणे ही सर्रास आढळणारी रीत सदोष आहे. नमुन्यात खरा मजकूर नसेल तेथे ‘लोरेम इप्सम’ने आरंभ होणारा निरर्थक उतारा घालतात. हा उतारा सिसेरोच्या इसवी सनपूर्व ४५ मधील लॅटिन ग्रंथाची मोडतोड करून तयार झाला आणि १९६० च्या दशकात लेट्रासेट कंपनीच्या अक्षरपत्रांमुळे प्रसार पावला. त्यात वेलांटी नाही, रफार नाही, उकार नाही. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणात ‘कीर्ती’चा रफार वरून कापला जातो आणि ‘शत्रू’चा उकार खालून. ओळींमधील अंतर देवनागरीला अधिक लागते. अक्षरे सुटी करण्याची सजावट रोमनला शोभते, पण देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते. रोमनमधील मोठ्या लिपीची अक्षरे आपल्याकडे नाहीत, त्यामुळे केवळ त्यांच्या आधारे उठून दिसणारे मथळे मराठीत सपाट होतात. हे सर्व दोष पहिल्या नमुन्यात खरा मराठी मजकूर घातला, तर आपोआप दिसतात.

अक्षरवळणाचा प्रश्नही आहे. मराठीतील ल व श यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून निराळी आहेत. काही टंकांत दोन्ही रूपे असतात, परंतु पानाची भाषा मराठी असल्याची नोंद आज्ञावलीत केलेली असेल तरच मराठी रूप उमटते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या जोड्या मुद्दाम नमुन्यात घालून पाहाव्यात. समुद्र आणि डोंगरांमधील खोलगट भाग यांतला भेद ज्या टंकाला दाखवता येत नाही, तो मराठी संकेतस्थळास उपयोगाचा नाही.

सर्वांत कमी ओळखली गेलेली अडचण व्याकरणाची आहे. संकेतस्थळे पुष्कळदा तयार वाक्यात रिकामी जागा ठेवून तीत नाव किंवा संख्या भरतात. इंग्रजीत नामापूर्वी शब्दयोगी अव्यय ठेवले, की काम भागते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते: पुणे–पुण्यात, सातारा–साताऱ्यात, परंतु नाशिक–नाशिकमध्ये. रिकाम्या जागेत गावाचे नाव घालणारे यंत्र ‘पुणेत’ असे लिहून मोकळे होते. ‘तुमचा अर्ज’, ‘तुमची विनंती’ व ‘तुमचे खाते’ यांना एकच साचा चालत नाही, आणि ‘१ पुस्तके’ हे शाळकरी मुलालाही खटकते. यावर उपाय म्हणजे वाक्याची रचनाच बदलणे: ‘गाव: पुणे’, ‘पुस्तके: १’. हा उपाय सुचण्यासाठी अडचण आधी दिसावी लागते, आणि ती रेखाचौकटीतील करड्या पट्ट्यांत दिसत नाही.

शब्दांच्या निवडीत शुद्धतेचा आग्रह कोठवर धरावा, हे चाचणीवर सोपवावे. ‘जतन करा’, ‘शोधा’, ‘मुखपृष्ठ’ हे शब्द रुळले आहेत. ‘लॉगिन’ऐवजी ‘प्रवेश करा’ लिहिले असता, तो शाळा-महाविद्यालयाचा प्रवेश आहे असे कोणी समजतो का, हे शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळावर तरी पाहिलेच पाहिजे. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही, किंबहुना त्यांनी विशेषकरून, वाचणाऱ्याचे बोट कोठे थबकते ते पाहावे.

भरावयाच्या अर्जांत आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. देवनागरी अंक व आंतरराष्ट्रीय अंक संगणकाच्या दृष्टीने निरनिराळी चिन्हे आहेत; ‘४१६००१’ असा पिनकोड लिहिणाऱ्याला ‘चुकीचा क्रमांक’ असे उत्तर मिळाले, तर चूक त्याची नसते. दुसरी गोष्ट टंकलेखनाची. कोणी देवनागरी कळफलक वापरतो, कोणी रोमन अक्षरांत मराठी लिहितो, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तर शिकलेल्यांकडूनही होतात. शोधपेटीने ‘माहिती’ व ‘माहीती’ या दोहोंना उत्तर दिले पाहिजे. भ्रमणध्वनीवर मराठी लिहिणे सुलभ व्हावे म्हणून मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक आरेखन केंद्रात, प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कळफलक विकसित केला. त्यात व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीतील रूपांचे चक्र उमटते, म्हणजे अक्षरे शाळेत ज्या क्रमाने शिकली, त्याच क्रमाचा आधार मिळतो.

अपंग वापरकर्त्यांसाठीचे जागतिक निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रथम १९९९ मध्ये व पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध केले. साध्या मजकुराचा रंग व त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे प्रमाण किमान ४.५ः१ असावे, हा त्यांतील एक निकष. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आखली, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सुगम्यतेला कायद्याचे बळ दिले. अंध वाचक संकेतस्थळ ऐकतो. त्याच्यासाठी नमुना म्हणजे पानावरील मजकुराचा क्रम. तो तपासण्याची सोपी रीत अशी, की पानावरील सर्व शब्द, बटणांच्या नावांसह, वरपासून खालपर्यंत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावेत आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकावेत. ‘येथे क्लिक करा’ हा दुवा चार वेळा ऐकल्यावर, कोठे काय आहे हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.